होळीचं झाड

वरची वाडी, ता. आंबेगाव
कार्तिक वद्य पंचमी, १९५४

प्रयागबाई,

मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. राग मानू नका. मी इंद्रायणी, राजुरीची. तुमच्यामागं या घरात आले ती मी. बिबिजान बांगड्या भरायला आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, तिची लेक आणे गावात दिलीय आणि तुम्ही तिथंच भावाकडे असता. प्रौढांच्या वर्गाला जाऊन तुम्ही वाचायला शिकलात असंही म्हणाली. म्हणून मोठं अक्षर काढून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली.

लिहायचं कारण दारातलं झाड. त्याला इथं सगळी होळीचं झाड म्हणतात. आता ते माझ्या डोक्याच्या वर गेलंय. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचायला लागलं, म्हणून मी भोवती दगड रचून माती उंच केली. बरोबर केलं का? खालच्या पानांचे काटे तसेच आहेत, पण वरच्या पानांना यंदा काटे आले नाहीत, कड सरळ निघाली. हा काही रोग आहे का? भागूच्या वडिलांना विचारलं तर म्हणतात, हात लावू नको, राहू दे. (त्यांना मी पत्रात असंच लिहिणार. दुसरं काय लिहावं ते तुम्हीच सांगा.)

आणि एक. यंदा झाडाला फळं धरलीत. दिवाळीपर्यंत हिरवी होती, आता लाल व्हायला लागलीत. शेंदरासारखी नाही, रक्तासारखी. तुम्ही गेल्यापासून एकसुद्धा फळ आलं नव्हतं म्हणतात. आता वाटेनं जाणारा माणूस थांबतो, बघतो, आणि पुढं जातो. सासूबाईंनी परवा बुंध्यावर उकळतं पाणी ओतलं. मी विचारलं तर म्हणाल्या, मुंग्या झाल्यात. मुंग्या नव्हत्या.

हे झाड मूळचं कुठलं, त्याला काय लागतं आणि फळं आताच का आली, एवढं कळवा. बिबिजानपाशी तोंडी निरोप दिलात तरी चालेल. तुमची भागू बरी आहे. खाते, खेळते.

इंद्रायणी


वरची वाडी
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

प्रयागबाई,

बिबिजाननं तुमचा निरोप गोठ्यामागं बसून सांगितला. ती तुमच्या बोलण्याची नक्कल करून सांगते, त्यामुळे तुमचा आवाज कसा असेल ते मला थोडं कळलं. तुम्ही कामाला होता त्या महाबळेश्वरच्या बंगल्यातली मडम विलायतेला जाताना तुम्हाला डब्यातली दोन रोपं देऊन गेली, ती म्हणाली हॉली आणि तुम्ही ऐकलंत होळी, हे ऐकून मी हसले. या घरात आल्यावर मोठ्यानं हसले ते तेव्हाच.

पुढचं ऐकलं आणि हसू गेलं. बिबिजान तुमच्या आवाजात म्हणाली, “त्याच्यात नर-मादी असतंय. दारातली मादी. नर वढ्याकाठी लावला व्हता, त्यो वाडीनं माझ्यादेखत तोडला. मादी एकली फळत न्हाई. फळली असंल तर नर जिता हाय. जाऊन बघ.”

मी गेले. करवंदीच्या जाळीमागं तो बुंधा सापडला. त्याला धुमारे फुटून माझ्या कमरेएवढे झालेत. भोवती शेळ्या शिरू नयेत म्हणून काट्यांचं कुंपण आहे, आणि ते काटे जुने नाहीत, याच महिन्यात तोडलेले. बुडाशी आळं केलेलं. आळ्यातली माती ओली होती. बाजूला फुटक्या मडक्याचं खापर उपडं घातलेलं. आजूबाजूला माणूस नाही, गुरं नाहीत. मी मागं न बघता घरी आले.

प्रयागबाई, तुम्ही इथं येता का? येत नाही हे मला कळतं, आण्याहून इथं यायचं म्हणजे दीड दिवसाची वाट. पण त्या संध्याकाळी चुलीपुढं बसून मी हाच विचार करत होते, की जित्या माणसाचं भूत असतं का.

मी आले तेव्हा तुमचं काही घरात ठेवलं नव्हतं. लुगडी सासूबाईंनी वाटून टाकली होती. पण जात्याचा खुंटा तुमच्या मुठीनं झिजलाय. पहिलं वर्षभर माझी मूठ त्यात नीट बसायची नाही, दळताना हात घसरायचा. आता बसते. सासूबाई परवा दुपारी पेंगत होत्या, मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, “ठेव तितं, प्रयाग.” मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि उठून बाहेर गेल्या. पाणी तसंच राहिलं.

भागूबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी लिहिते. मागं खाते, खेळते एवढंच लिहिलं होतं. ती माझ्याशी बोलत नाही. हाक मारायची झाली तर “ए” म्हणते. दिवेलागणीच्या आधी झाडाशी जाऊन बसते आणि त्याच्याशी बोलते. काय बोलते ते मी ऐकायचा प्रयत्न केला. आज कुणी मारलं, कुणी काय खाल्लं, असलंच. लेकरं आईला सांगतात तसलं.

इंद्रायणी


वरची वाडी
पौष शुद्ध द्वादशी

प्रयागबाई,

हे पत्र घाईत लिहिते. सासूबाई खाचराकडे गेल्यात.

महिन्याभरात बरंच झालं. शेजारच्या साळुबाईचं वासरू मेलं. वासराला पोटफुगी झाली होती, मी स्वतः बघितली. तरी दुसऱ्या दिवशी मी पाणवठ्यावर गेले तर बायकांनी भरलेल्या कळश्या ओतून दिल्या आणि मी निघेपर्यंत पुन्हा भरल्या नाहीत.  साळुबाई नुसती बघते. तिचे डोळे मला सहन होत नाहीत. त्यात राग नाही, उलट काहीतरी मिळाल्यासारखं आहे.

परवा उंबऱ्यावर काळी बाहुली सापडली. पोटात बाभळीचा काटा खुपसलेला. मी ती चुलीत घातली आणि कुणाला सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगते. पोटात काटा का, तेही सांगते. मला दिवस गेलेत. सासूबाईंच्या लक्षात आलंय, त्यांनीच वाडीत सांगितलं असणार.

माझ्याबद्दल जे बोलतात ते पूर्वी तुमच्याबद्दल बोलत होते. शब्दसुद्धा तेच असावेत. हिच्या दारात झाड फळलं, हिची नजर बघा, हिनं हाक मारली तर ओ देऊ नका. मी आरशात बघते तेव्हा मला माझंच तोंड दिसतं, पण वाडीला ते दिसत नाही. मी हळूहळू तुम्ही होत चालले आहे. तुम्हाला मी कधी बघितलंही नाही.

म्हणून आता सरळ विचारते. साळुबाईचं पोर, लहानू, गेलं तेव्हा खरं काय झालं होतं? सासूबाई म्हणतात तुम्ही त्याला फळं चारली. जानकू भगत म्हणतो तुम्ही त्याच्या तोंडावरून हात फिरवलात आणि जीव काढून झाडाला घातलात. भागूच्या वडिलांना विचारलं तर ते उठून जातात. तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन असं आधीच लिहीत नाही. पण ऐकायचं आहे.

इंद्रायणी


वरची वाडी
माघ वद्य तृतीया

प्रयागबाई,

बिबिजान सांगता सांगता थांबायची. मी म्हणायची, पुढं सांग. ती म्हणायची, “बेटी, उसने इतनाच कहा. फिर चूप बैठी.” जेवढं सांगितलंत तेवढं समजलं. साळुबाई भात झोडायला गेली होती. लहानूला दोन दिवस हिवताप होता, म्हणून ती त्याला तुमच्या ओटीवर निजवून गेली. तुम्ही आत दळत होता, तेवढ्यात त्यानं उठून फळं खाल्ली. तुम्ही मीठ घातलेलं कोमट पाणी पाजून ओकारी काढलीत. त्याला बरं वाटलं, तो बसला, बोलला. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा थंडी वाजून आली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. एवढंच.

मी हे खरं मानते. तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे. सासूबाईंना मी विचारलं, पोराला आधीपासून ताप होता का? त्या म्हणाल्या, “व्हता की. पर तापानं मरायचं तर धा पोरं मरत्यात.” आणि मग, मी न विचारता, दाराचं सांगितलं. ते तुम्ही बिबिजानला सांगितलं नाहीत. वाडी जमली तेव्हा तुम्ही पळत घराकडे आलात आणि भागूच्या वडिलांनी आतून कडी घातली. भागू त्यांच्या काखेत होती. तुम्ही दार वाजवत होता आणि ते कडीला हात लावून उभे होते. सासूबाई हे सांगताना रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

ओढ्याकाठी कोण पाणी घालतं तेही कळलं. तुम्हाला आधीच कळलं असेल. मी एकदा सकाळी भागूच्या वडिलांच्या मागून गेले. ते खापरानं ओंजळ ओंजळ पाणी घालत होते, जसं आजारी माणसाला पाजतात. मी समोर जाऊन उभी राहिले. ते दचकले नाहीत.

“कधीपास्नं?” मी विचारलं.

“तोडलं त्या दिसापास्नं.”

“तिच्यासाठी?”

त्यांनी खापरातलं उरलेलं पाणी बुडाशी सोडलं. मग म्हणाले, “तिच्यासाठी काय बी केलं न्हाई. एवढंच जमलं.”

मला काय वाटलं ते लिहिणार नव्हते. पण तुमच्याशिवाय लिहू कुणाला? मला तुमचा हेवा वाटला. माझ्या नवऱ्यानं आजवर माझ्यासाठी ओंजळभर पाणी आणलेलं मला आठवत नाही. आणि त्याच वेळी मला त्यांची चीड आली. झाड जगवलंत, पण ते फळल्यावर ज्या बाईवर आळ येणार ती मी, हे ध्यानात आलं नाही का? मी तसं म्हटलं. त्यांनी खापर बुडाशी उपडं घातलं.

जानकू भगतानं सांगून टाकलंय, यंदाच्या होळीला झाड तोडायचं. वाडीनं होकार दिलाय. तुम्ही चैत्रात छाटू नका म्हणालात, फुलं येतात म्हणून. चैत्रापर्यंत ते राहील असं वाटत नाही.

इंद्रायणी


वरची वाडी
फाल्गुन वद्य प्रतिपदा

प्रयागबाई,

काल होळी होती. झालं तसं सांगते.

माणसं दुपारीच आली. पुढं जानकू, त्याच्या हातात नवी कुऱ्हाड, पात्याला हळदकुंकू लावलेलं. तो म्हणाला, “औंदा होळीत होळीचंच झाड घालू. वाडीची पीडा जाईल.” पण कुऱ्हाड घ्यायला कोणी पुढं येईना. ओढ्याचं झाड साळुबाईच्या नवऱ्यानं, हौशीरामनं तोडलं होतं, आणि पुढच्याच पावसाळ्यात तो कड्यावरून घसरून पायानं अधू झाला. ते सगळ्यांच्या मनात होतं. हौशीराम काठी टेकून मागं उभा होता. साळुबाई बांधावर एकटी बसली होती.

तेव्हा जानकू मला म्हणाला, “घरच्या बाईनंच घाव घालायचा. पोटातलं नीट ऱ्हावं असं वाटत असंल तर घाल.”

मी कुऱ्हाड घेतली. खोटं कशाला लिहू, घेतली. एका झाडापायी माझं लेकरू मी का द्यावं, असं मला वाटलं. मी दोन पावलं टाकली आणि भागू घरातून धावत आली. तिनं झाडाला मिठी मारली. खालच्या पानांत शिरून, दोन्ही हात बुंध्याभोवती घालून. ओरडली नाही, रडली नाही. तिच्या हातांवर, गालावर रक्ताचे बारीक ठिपके उठत गेले आणि ती मिठी घट्ट करत गेली.

मी कुऱ्हाड खाली टाकली. म्हटलं, “मी न्हाई तोडणार.”

मागून कोणीतरी म्हणालं, “बघा. हिलाबी धरलंय.”

तेवढ्यात भागूचे वडील आले. खाचरातून आले होते, पाय धुळीनं भरलेले. कुणाकडे न बघता ते झाडाशी गेले, भागूचे हात एकेक करून सोडवले आणि तिला माझ्याकडे दिली. मग त्यांनी मूठभर फळं ओरबाडली.

“जानकूबाबा, ह्या फळानं माणूस मरतंय ना?”

“मरतंय.”

“बघा मग.”

आणि मूठ तोंडात रिकामी केली. चावून खाल्ली. लाल पाणी हनुवटीवरून ओघळलं. मी भागूचे डोळे झाकले. सासूबाई छाती पिटत पुढं धावल्या, त्यांना त्यांनी एका हातानं थोपवलं. म्हणाले, “मेलो तर झाड जाळा, घरबी जाळा. न्हाई मेलो तर प्रयागला ज्यांनी वाडीभाईर काढलं त्यांनी आण्याला जाऊन तिच्या पाया पडायचं. तिच्यावर दार लावणारा मी व्हतो. पैला मी जाईन.”

तुमचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

ते झाडाखाली बसले. वाडी समोर बसली. कोणी उठेना. काही वेळानं त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. मग ओकाऱ्या, एकामागून एक. अंग थंड पडलं, ओठ पांढरे झाले. मी तुम्ही सांगितलं तसं मीठ घालून कोमट पाणी दिलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जानकू मोठ्यानं काहीतरी पुटपुटत होता. मी त्याला म्हटलं, “गप बसा.” मी भगताला गप बस म्हटलं, आणि तो गप बसला.

दिवे लागले तरी कोणी होळी पेटवायला जाईना. मग त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पेज हाय का गं?”

होळी उशिरा पेटली. नुसत्या वाळक्या फांद्यांची.

इंद्रायणी


वरची वाडी
फाल्गुन वद्य सप्तमी

प्रयागबाई,

ते अजून अशक्त आहेत, पण हिंडतात. माणसं येऊन बघून जातात. पाणवठ्यावर बायका माझ्याशी बोलतात, नको तेवढं बोलतात. जानकू त्याच्या बहिणीकडे डेहण्याला निघून गेलाय.

सगळ्यांना सुटल्यासारखं झालंय. एक साळुबाई सोडून.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ती दारात आली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. भागूच्या वडिलांना म्हणाली, “गेणभाऊ, तू जगलास. बरं झालं. मग माझा लहानू कशानं गेला?”

ते म्हणाले, “तापानं, साळू.”

“तापानं,” ती म्हणाली. “तापाला कुठं जाऊन इचारू? एवढी वरसं मला ठाव व्हतं कुणी नेला ते. रोज तिला शिव्या घालायची आन मग झोप लागायची. आता कुणाला घालू?”

 मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही. जाताना झाडापाशी थांबली. मला वाटलं ती काहीतरी करील. तिनं एक पान बोटानं चाचपलं, काटा टोचला तसा हात मागं घेतला, आणि गेली.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. या आठवड्यात इथली माणसं तुमच्याकडे यायला निघतील. हौशीराम येणार आहे, अधू पायानं. साळुबाई मी येते म्हणाली. आणि भागूचे वडील. तुम्ही परत यावं असं ते तुम्हाला म्हणतील. माझ्याशी तसं बोलले नाहीत, पण रात्रंदिवस तोच विचार करतात हे मला दिसतं.

तुम्ही यायचं ठरवलंत तर मी अडवणार नाही. घर तुमचं होतं. पण मला भीती वाटते हे लपवत नाही. तुमची रीतसर काडीमोड झाली, माझं रीतसर लग्न झालं, तरी तुम्ही दारात उभ्या राहिलात तर या घरात माझी जागा कुठली? पोट घेऊन राजुरीला गेले तर भाऊ ठेवून घेतील, पण किती दिवस? मी तुम्हाला खोटं ठरवणाऱ्यांच्या विरुद्ध उभी राहिले, आणि त्यामुळेच कदाचित माझं घर जाईल. पुन्हा तसं करायची वेळ आली तर करीन का, ते मला सांगता येत नाही.

ते बोलावतील म्हणून येऊ नका. तुम्हाला यावंसं वाटलं तरच या.

इंद्रायणी


आणे
चैत्र

इंद्रायणी,

हे माझं पैलं पत्र. वर्गातल्या बाईनं एक शब्द सांगितला न्हाई, समदं मीच ल्हिलं. चुकलं असंल ते समजून घे.

माणसं आली. माळावर झाडाची सावली न्हाई, समदी उनात उभी व्हती. हौशीराम पाया पडला. मी पाय मागं घेतलं. म्हनलं, लई लांब आलासा, पानी प्या. एकमेकांची तोंडं बघाया लागली. अजून भ्या वाटतंया. मला राग न्हाई आला, हसू आलं.

भागूचा बाप कुंपणाभाईर थांबला. मी आत ये म्हनलं न्हाई. तो म्हनला, चल. मी म्हनलं, न्हाई. मग तो खाली बघून उभा ऱ्हायला. म्हातारा झालाय. त्याच्यावर माझा राग व्हता तो अजून हाय, पर जड लागत न्हाई आता. तू त्याला नीट खायाला घाल.

तू भिऊ नको. मी त्या घरात यायची न्हाई. मला हितं भावाच्या रानाची दोन खांडं हायती, माजी शेळी हाय, वर्ग हाय. ज्या दारावर मी डोकं आपटलं ते दार मला नगं. जातं, चूल, झाड, समदं तुझं. फुलं आली असतील आता, बारीक पांढरी. छाटायचं असंल तर मार्गशीर्षात छाट.

साळुबाईचं सांगते. माणसं परत निघाली, ती निघंना. वट्यावर बसून ऱ्हायली. मला म्हनली, माझा लहानू कशानं गेला? मी म्हनलं, मला ठाव न्हाई. पर तो कसा व्हता ते ठाव हाय. त्या दुपारी त्याच्यापाशी तू नव्हतीस, मी व्हते. तुला कुणी सांगितलं न्हाई, कारन मला कुणी इचारलं न्हाई.

मग मी सांगितलं. वकारी झाल्यावर तो माझ्या मांडीवर बसला. मूठ उघडंना. मी उघडली तर आत फळं. म्हनला, आईला मणी. आईच्या गळ्यात काय न्हाई. धागा दे म्हनला. मी ती फळं काढून घेतली, पुन्ना तोंडात घालील म्हनून. त्यो रुसला. मी त्याला खोट्या मण्यांचा धागा दावला तेवा हसला. आई कवा येती म्हनला. मी म्हनलं, ऊन डोंगराच्या धारंवर गेलं की. मग तो धारंकडं बघत बसला, आन बघता बघता निजला.

साळुबाई म्हनली, पुन्ना सांग. मी पुन्ना सांगितलं. म्हनली, मणी म्हनला? मी म्हनलं, मणी म्हनला. असं किती येळा झालं ठाव न्हाई. ती रडली. मीबी रडले, एवढ्या वरसांत पैल्यांदा कुणासंगं. मग तिनं पानी मागितलं. माझ्या हातचं प्याली. तांब्या खाली ठेवला आन म्हनली, अजून दे.

ती दोन दिस ऱ्हाऊन गेली.

आता भागूचं. तू तिला परत पाठवते असं ल्हिलं न्हाईस, मीबी पाठव म्हनत न्हाई. तुझं बाळंतपण राजुरीला व्हनार. राजुरीहून आणे लांब न्हाई. जाताना तिला घेऊन ये. तुलाबी मला बघायचं हाय. भागूला हितं थोडं दिस ऱ्हाऊ दे, मग तिला इचारू कुठं ऱ्हायचं. ती म्हनंल तसं. तिच्यावर मी बी जोर करनार न्हाई, तू बी करू नको.

एकच काम तुला सांगते. ती गेली तेवा, म्हंजी मी गेले तेवा, लई बारकी व्हती. माजं तोंड तिला ध्यानात नसंल. दारात आल्यावर मी पुढं येईन, पर माझ्या तोंडातून शब्द फुटायचा न्हाई. तवा तूच तिला सांग, ही तुजी आई म्हनून.

प्रयाग